‘जेवलात का?’ सोडून दुसरं काहीतरी विचारा

वाचकांचे प्रश्न, जुलै २०२०

प्रश्न: ताई, मी ठाण्यात असतो आणि बाबा साताऱ्यात एकटे. वय ७४, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. आई जाऊन दोन वर्षं झाली पण बाबांचं तसं छान चाललं होतं, सकाळी स्टँडपर्यंत फेरी, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींबरोबर चहा, संध्याकाळी देवळात हरिपाठ. मार्चपासून कोरोनामुळे सगळंच बंद. शेजारच्या वहिनी डबा गेटला अडकवून जातात. मी दिवसातून तीनदा फोन करतो तर ‘जेवलो, गोळी घेतली, ठेव आता’ एवढंच. दिवसभर बातम्या लावून आकडे बघत बसतात, दाढीसुद्धा करत नाहीत. फोन साधा बटणांचा आहे, स्मार्टफोन नकोच म्हणतात. ठाण्यात २ जुलैपासून परत लॉकडाऊन लागलंय, जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास काढून जावं तर आपणच तो रोग घरी घेऊन जायचो ही धास्ती. आषाढीच्या आदल्या दिवशी संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या ते टीव्हीवर बघून मात्र त्यांनी स्वतःहून फोन केला आणि चांगला अर्धा तास बोलले. काय करू?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या अर्ध्या तासापाशी अडकले. चार महिने ‘ठेव आता’ म्हणणारा माणूस त्या दिवशी स्वतः फोन लावतो, का? कारण त्या दिवशी सांगण्यासारखं काहीतरी त्यांच्याकडे होतं आणि ते तुमच्याकडे नव्हतं. वारीच्या जादा गाड्या त्यांनी किती वर्षं काढल्या असतील, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड करत पंढरपूरला जाणारा तो रस्ता त्यांना झोपेतसुद्धा येत असेल. एरवी तुमचे तीन फोन म्हणजे, राग मानू नका, हजेरी झाली. जेवलात का, गोळी घेतली का, बाहेर नाही ना गेलात. आपण काळजीने विचारतो हो, पण ऐकणाऱ्याला वाटतं आपण आता फक्त सांभाळायची वस्तू राहिलो.

तर तीन फोनांऐवजी एकच करा, पण वेळ ठरवून. चारच्या चहाची म्हणा, म्हणजे साडेतीनला ते आधण ठेवतील आणि वाट बघायला काहीतरी होईल. आणि त्या फोनवर विचारायचं ते तुम्हाला खरंच माहीत नसलेलं विचारा. रात्री गाडी घाटात बंद पडली तर काय करायचात, वारीत मुक्कामाला ड्रायव्हर लोक झोपायचे कुठे. नातवंडं असतील तर त्यांना विचारायला लावा, त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा भारी असतात. फक्त उगाच रमवायला म्हणून खोटं काम देऊ नका, म्हातारी माणसं ते लगेच ओळखतात आणि मग जास्त चिडतात.

आता दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. बाबांना मुलाची आठवण येत असणारच, पण त्यांचा तुटलाय तो कट्टा. स्टँडवरची ती चार डोकी कुठे आहेत सध्या? तीही आपापल्या घरात बातम्याच बघत असणार. त्यांचे नंबर बाबांच्या डायरीत नक्की असतील. तुम्ही तुमच्या मोबाइलवरून एकेकाला लावून कॉन्फरन्स कॉल जोडून द्या, पाचेक जण सहज जोडता येतात. बटणांचा फोन असला तरी काही अडत नाही, त्यांनी फक्त नेहमीसारखा फोन उचलायचा. जोडून दिलात की तुम्ही गप्प बसा, फोन बाजूला ठेवून ऑफिसचं काम करा. पहिले दोन दिवस ‘हॅलो हॅलो, कोण बोलतंय’ यातच जातील, तरी सोडू नका.

हरिपाठाचं मात्र अनुभवाने सांगते. माझी आत्या सांगलीला असते, तिच्या भजनी मंडळाने एप्रिलमध्ये फोनवर एकत्र म्हणायचं ठरवलं आणि काय गोंधळ झाला विचारू नका! फोनवर प्रत्येकीचा आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे एकीचं कडवं संपतंय तर दुसरी अजून मधेच, टाळ्या तर पत्र्यावर पाऊस पडावा तशा. आत्या रडकुंडीला आली. मग त्यांनी वाटून घेतलं, आज एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, उद्या दुसरीची पाळी. आता आत्याची पाळी असली की ती दुपारपासून घसा साफ करत असते आणि त्या वेळी मी फोन केलेला तिला मुळीच चालत नाही. मला तर त्यातच समाधान आहे.

डब्याचंही बघा. पासष्टीच्या पुढच्यांनी गरजेशिवाय बाहेर पडू नये असं सरकारने या कोरोनाकाळात सांगितलंय ते बरोबरच आहे, पण म्हणून अंगणात यायला बंदी नाही. वहिनींना विनंती करा की डबा अडकवून लगेच वळू नका. गेटच्या आत बाबांची खुर्ची, बाहेर लांब वहिनींची, मधे सहा फूट अंतर, दोघांना मास्क, दहा मिनिटं बोलणं. बंद खोलीपेक्षा उघड्यावर धोका कमी असतो. रिकामा डबा परत देताना बाबांनी अंगणातली चार जास्वंदीची फुलं ठेवली तर अजून छान, घेणाऱ्यालाही काहीतरी देता आलं पाहिजे ना.

बातम्या बंद करा असं सांगू नका, ऐकणार नाहीत. सकाळी एकदा, रात्री एकदा एवढं ठरवून बघा. दाढीचं मला वाटतं साधं कारणही असू शकेल, बरेच जण वर्षानुवर्षं सलूनमध्येच करतात, आणि २८ जूनला सलून उघडली तेव्हा दाढीला परवानगी नव्हती. घरी रेझर आणि आरसा धड आहे का ते एकदा विचारा.

पण जेवण सुटलं, रात्र रात्र झोप नाही, ‘आता कशाला जगायचं’ असलं बोलणं सुरू झालं तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांशी लगेच बोला. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या व्हिडिओवरून मोफत सल्ला मिळतो, बाबांकडे स्मार्टफोन नसला तर शेजारच्या कुणाची तेवढ्यापुरती मदत घ्या. आणि एक, आज अचानक बरळायला लागले, दिवस-रात्र कळेना झालं तर ते एकटेपणाचं किंवा वयाचं म्हणून सोडून द्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसांत इन्फेक्शन झालं किंवा रक्तातलं सोडियम उतरलं तर असं होतं, कधीकधी ताप नसतानाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची सोय करा.

प्रश्न: आमच्याकडे उलटंच आहे. डोंबिवलीत दोन खोल्यांत सहा माणसं, दोघांचं वर्क फ्रॉम होम, मुलांची ऑनलाइन शाळा. सासूबाई म्हणतात मला कुणी विचारत नाही. घरात एवढी माणसं असताना एकटं कसं वाटतं?

उत्तर: अगं, चौघांच्या कानात हेडफोन आणि पाचव्याला ‘शूऽऽ मीटिंग चालू आहे’, मग त्यांनी बोलायचं कुणाशी? त्यात त्यांना ऐकू कमी येत असेल तर आधी ते तपासा. पुष्कळ जण समोरच्याचे ओठ बघून अर्धं समजून घेतात आणि त्यांना ते स्वतःलाही माहीत नसतं, आता बाहेरचा प्रत्येक माणूस मास्कमध्ये. घरात तरी समोर बसून, टीव्ही बंद करून, जरा सावकाश बोला. ओरडून बोललं तर भांडल्यासारखं वाटतं आणि समजत तर काहीच नाही. दुपारचा एक तास सगळ्यांचे हेडफोन काढून जेवण एकत्र करा, आणि धाकट्याचं मराठीचं पुस्तक त्यांच्या ताब्यात द्या. चुकलं की रागावू देत त्याला, तुम्ही मधे पडू नका.

प्रश्न: मी ७१ वर्षांची आहे. रोज मैत्रिणीला फोन करावासा वाटतो पण तिला त्रास होईल म्हणून करत नाही.

उत्तर: मावशी, तीही तिकडे हाच विचार करून बसली असेल. आज तुम्ही लावा, उद्या तिने लावायचा असं ठरवून टाका.