नोकरी सांभाळून डेस्कटॉप प्रोग्रॅमिंगचा सर्टिफिकेट कोर्स: माझं मत

तुमचा प्रश्न असा की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत तुम्ही स्टोअर्स बघता, एक्सेलमध्ये हात बसलाय, मॅक्रोही लिहिता. जवळच्या कॉलेजात संध्याकाळचा सी-शार्पचा (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंगची भाषा) सर्टिफिकेट कोर्स निघालाय, त्यात डेस्कटॉप म्हणजे पीसीवरच चालणारे प्रोग्रॅम शिकवतात, पण "सगळं वेबवर गेलं, आता डेस्कटॉप कोण विचारतंय" म्हणून मित्र मोडता घालताहेत.

कोर्स करा, पण अभ्यासक्रम हातात घेऊन, नीट वाचून मगच फी भरा.

डेस्कटॉप कोण विचारतंय ते तुमच्याच कंपनीत फिरून बघा. वजनकाट्याचा आकडा सिरियल पोर्टमधून पीसीवर येतो आणि तिथलाच प्रोग्रॅम पावती छापतो. नेट गेलं म्हणून गेटवर ट्रक उभे ठेवता येत नाहीत. मेल्टिंगच्या लॅबमधला, धातूत काय किती आहे ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर चालतो, अकाउंट्सला टॅली आहेच. डेस्कटॉपच्या खिडक्या, बटणं बनवायची मायक्रोसॉफ्टची दोन साधनं आहेत: विंडोज फॉर्म्स २००२ सालचं आणि डब्ल्यूपीएफ २००६ चं. तरी मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ही दोन्ही नव्या डॉटनेटवर (सी-शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती व्यवस्था) आणली. कारखान्यांत यांवर लिहिलेलं इतकं काही चालू आहे, की ते सांभाळणारी माणसं लागणारच.

अभ्यासक्रमात अजून व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा) असेल तर सरळ परत या. त्याच्या डेव्हलपमेंट टूलचा सपोर्ट २००८ मध्येच संपलाय.

पुढचं बघायचं ते शेवटच्या प्रोजेक्टचं. कॅल्क्युलेटर आणि लॉगिन फॉर्म करून सर्टिफिकेट मिळत असेल, तर तेवढं तुम्ही घरबसल्या शिकाल; कोड लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओ या सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती शिकणाऱ्याला फुकट आहे. कॉलेजला जायचं ते कोणीतरी तुमचा कोड वाचून चुका दाखवाव्यात म्हणून. एक उदाहरण देतो. 'सेव्ह'चं बटण दाबलं, मागे डेटाबेसकडे मोठी क्वेरी (माहितीची मागणी) चालू झाली, खिडकी गोठली, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं. स्टोअरकीपर वैतागून आणखी दोनदा दाबतो. ते क्लिक वाया जात नाहीत, रांगेत थांबतात. खिडकी मोकळी झाली की एकाच मालाच्या तीन जीआरएन (माल आल्याच्या नोंदी)! यावर उपाय म्हणजे काम पार्श्वभूमीला टाकणं (त्यासाठी सी-शार्पमध्ये असिंक-अवेट हे शब्द आहेत) आणि तोवर बटण बंद ठेवणं. हे शिकवतात का, असं शिक्षकांना स्पष्ट विचारा. उत्तरावरून त्यांनी खरं सॉफ्टवेअर कुणाला करून दिलंय का ते लगेच कळतं.

मराठी नावांचंही तसंच. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये कॉलमचा प्रकार साधा 'व्हारचार' ठेवला तर सहसा 'पाटील' सेव्ह होतो आणि परत येताना नुसती प्रश्नचिन्हं येतात. मूळ अक्षरं मग गेलीच. सगळ्या भाषांची अक्षरं ठेवणारं 'एनव्हारचार' पहिल्या दिवसापासून हवं. पैशांच्या आकड्यांसाठी 'डबल' (अंदाजे अपूर्णांक ठेवणारा प्रकार) न वापरता 'डेसिमल' (दशांश नेमके ठेवणारा) वापरायचं, नाहीतर जीएसटीच्या बेरजेत पैशांचा फरक पडतो आणि अकाउंट्सवाले तुमच्या प्रोग्रॅमवर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

आणि इन्स्टॉलर! आपल्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या पीसीवर पुष्कळदा उघडतच नाही, कारण तिथे नव्या डॉटनेटचा रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणारा भाग) नसतो. जो कोर्स इथपर्यंत नेत नाही तो अर्धवट आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या सर्टिफिकेटवर आयटी कंपनीत कॉल येईल अशी आशा धरू नका. तिथे बहुतेक ठिकाणी आधी डिग्री बघतात. पण इंडेंट, इश्यू स्लिप, बिन कार्ड, रिजेक्शन हे सगळं तुम्ही रोज हाताळता. ईआरपी (स्टोअर्स, खरेदी, अकाउंट्स एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) बसवणाऱ्या लहान कंपन्यांना नेमका असाच माणूस मिळत नाही. कोड येणारी मुलं त्यांच्याकडे असतात, पण स्टोअर्समध्ये माल कसा फिरतो हे त्यांना समजवावं लागतं. तुमचा जोर तिथे आहे, म्हणून प्रोजेक्टही स्टोअर्सचाच घ्या. मॅक्रोमुळे लूप, अटी तुम्हाला नव्या नाहीत. क्लास आणि ऑब्जेक्ट डोक्यात बसायला मात्र वेळ लागेल, तेव्हा घाबरून सोडू नका.

साहेबांशी आधीच बोला. महिनाअखेरीला स्टॉक मोजणी असते, तेव्हा क्लास बुडणार हे धरून चाला आणि बुडलेला भाग भरून देतात का ते कॉलेजला विचारा. कंपनीचे खरे दर आणि पार्ट्यांची नावं घरी नेऊ नका, खोटा डेटा बनवा. प्रोग्रॅम तयार झाला की परवानगी घेऊन महिनाभर रजिस्टरच्या जोडीने चालवा आणि रोज संध्याकाळी दोन्हीकडची शिल्लक ताडून बघा.