न्यू जर्सीत काउंटीचं रिपब्लिकन तिकीट कोण देतं?

तुम्ही विचारलंय, की न्यू जर्सीत काउंटी कमिशनर (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, कमिशनर म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा निवडून आलेला सदस्य) म्हणून रिपब्लिकन पक्षाकडून उभं राहायचं असेल तर तिकीट कुणाकडे मागायचं. मी इथल्या एका काउंटीत पक्षाच्या कमिटीवर आहे, म्हणून लिहितो.

आपल्याकडे पक्ष उमेदवाराला ए-बी फॉर्म देतो, तसा इथे नसतो. ठरलेल्या संख्येइतक्या मतदारांच्या सह्या गोळा करून अर्ज काउंटी क्लार्ककडे (काउंटीच्या निवडणुकीचं कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दिला, की जूनच्या प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी मतदारांच्या मतदानाच्या) मतपत्रिकेवर तुमचं नाव येतं. पक्षाचा काउंटी अध्यक्ष नाराज असला तरी तो हे अडवू शकत नाही. नोव्हेंबरात पक्षाच्या नावावर कोण लढणार, हे प्रायमरीचे मतदार ठरवतात.

हा झाला नियम. पण वर्षानुवर्षं खरा फैसला त्याआधीच, वसंतातल्या पक्षाच्या बैठकीत व्हायचा. काही काउंट्यांत कमिटीचे सगळे सदस्य गुप्त मतदान करायचे, काही ठिकाणी मोजकी मंडळी उमेदवारांच्या मुलाखती घेऊन ठरवायची. तिथे जिंकलेल्यांची नावं गव्हर्नर किंवा सिनेटरच्या उमेदवाराखाली एकाच रांगेत छापली जायची. हीच ती 'लाइन'. 21 पैकी 19 काउंट्यांत ती होती, फक्त सेलम आणि ससेक्स या दोन काउंट्यांत नव्हती. बाकीच्यांची नावं दूरच्या कुठल्यातरी रकान्यात जायची. त्या जागेला इथे सरळ 'सायबेरिया' म्हणत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी लाइनशिवाय लढत दिली होती. दोन महिने दारोदार फिरले. निकालानंतर त्यांच्याच गल्लीतली माणसं सांगत होती, "तुमचं नाव सापडलंच नाही हो!" मला ते फार लागलं होतं. आणि मतपत्रिका आखणारा काउंटी क्लार्क स्वतःही पक्षाच्याच तिकिटावर निवडून आलेला असतो, हेही ध्यानात घ्या.

मार्च 2024 मध्ये सिनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅट खासदार अँडी किम यांच्या दाव्यात न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी ही मांडणी थांबवली, पण त्या वर्षापुरती फक्त डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीसाठी. त्यामुळे आमच्या रिपब्लिकन प्रायमरीत जून 2024 मध्ये लाइन होतीच, आणि सिनेटसाठी कर्टिस बॅशॉ यांनी ट्रम्प यांचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराला हरवलं. बऱ्याच काउंट्यांची लाइन बॅशॉ यांच्याकडे होती. त्या निकालामागे ती एकच गोष्ट होती असं मी म्हणणार नाही, पण तिचं वजन तेव्हा पुन्हा दिसलं. पुढे मार्च 2025 मध्ये कायदाच बदलला. आता दोन्ही पक्षांत एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत येतात. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. जो पक्ष सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी असं सांगतो, त्याने सरकारी मतपत्रिकेच्या आखणीवर आपले उमेदवार निवडून आणू नयेत.

तरी बैठकीचं महत्त्व संपलेलं नाही. पक्षाचा पाठिंबा मिळाला की कार्यकर्ते, पत्रकं, फोन करणारे हात मिळतात. म्हणून थेट कमिशनरची उडी मारू नका. आधी आपल्या मतदान विभागातून काउंटी कमिटीवर निवडून या. तिथल्या कित्येक जागा कुणी अर्जच न भरल्यामुळे रिकाम्या राहतात. त्यासाठी सह्याही थोड्याच लागतात, आणि तो अर्ज काउंटी क्लार्ककडे नाही, तुमच्या गावच्या म्युनिसिपल क्लार्ककडे द्यायचा असतो.