गाठ काढली, मग शेक कशाला?

"रिपोर्टात सगळं साफ आलंय म्हणता. मग आता शेक कशाला ओ ताई? आत काय ठेवलंय का डॉक्टरांनी?"

अक्का (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत) सोलापुरातल्या विडी कामगार. वय 52. डाव्या स्तनातली दोन सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ काढली, स्तन राखला. कडा मोकळ्या, काखेतल्या गाठीही (म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथी) स्वच्छ. हे सगळं चांगलं ऐकून झाल्यावर रेडिएशनची चिठ्ठी हातात पडली आणि बाईचा चेहराच उतरला. आमच्याकडे पेशंट रेडिएशनला शेक म्हणतात, कुणी करंट म्हणतं. दोन्ही शब्द भाजणारे.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. "एखादी पेशी उरलेली असू शकते" असं मी सहज म्हणून गेले. अक्कांनी त्यातला 'उरलेली' एवढाच शब्द घरी नेला. दुसऱ्या दिवशी त्यांचे मालक तावातावाने आले, "ऑपरेशन फसलंय, ते सांगा की सरळ!"

फसलं नव्हतं. कडा मोकळ्या म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या काठावर कॅन्सर दिसला नाही. पण स्तनाच्या बाकीच्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली कधी आलाच नाही असा एखादा कण असू शकतो आणि तो कोणत्याही तपासणीत दिसत नाही. शेक त्याच्यासाठी. मी हे सांगत असताना अक्काच म्हणाल्या, "तंबाखू झाडून काढली तरी पोरगी शिंकतेच की घरात." अगदी तंतोतंत नाही, पण माझ्या वाक्यापेक्षा बरंच.

मालकांना आकडे हवे होते. स्तन राखलेल्या दहा हजारांहून जास्त बायकांच्या चाचण्यांचा एकत्र हिशोब 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. शेक न घेतलेल्या शंभरातल्या साधारण 35 जणींना दहा वर्षांत आजार परत झाला, घेतलेल्यांत 19 जणींना. अक्का हिशोब विड्यांतच करतात. "पंचवीसचं एक बंडल, चार बंडलं झाली," म्हणाल्या आणि बोटांवर मोजत बसल्या. त्या चाचण्या जुन्या, आताच्या औषधांनी दोन्ही आकडे खाली आलेत, हेही मी सांगितलं. पण शेकाने धोका जवळपास निम्मा होतो, ते आजही खरं आहे.

"मग शेजारच्या आजींना का नाही दिला?" हा प्रश्न येतोच. आजी सत्तरीच्या पुढच्या. त्या वयात गाठ लहान असेल, हार्मोनच्या गोळीला दाद देणारी असेल आणि काख स्वच्छ असेल, तर डॉक्टर कधी कधी शेक टाळतात. उलट, "अख्खा काढून टाका, म्हणजे शेक नको" हेही दरवेळी खरं नाही. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा काखेतल्या चार-पाच गाठींत कॅन्सर असेल, तर पूर्ण स्तन काढल्यावरही शेक द्यावाच लागतो.

एवढं झालं तरी अक्का घुटमळत होत्या. खरी भीती नातीची होती. तिला आठवडाभरासाठी लेकीकडे धाडायची तयारी झाली होती, "माझ्या अंगातून करंट लागंल तिला." बाहेरच्या मशीनमधून दिलेल्या शेकाचं अंगात काही राहत नाही. मशीन बंद झालं की संपलं. हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा टेक्निशियनने सांगितलं तेव्हा पटलं. असो.

अडचण आली ती खांद्याची. शेक घेताना हात डोक्यावर नेऊन निश्चल पडावं लागतं. अक्कांचा हात ऑपरेशननंतर कानापर्यंतही जाईना, त्यामुळे प्लॅनिंगचा सीटी, म्हणजे शेक नेमका कुठे द्यायचा ते आखायचा स्कॅन, आठवडाभर पुढे गेला. घरी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची आणि पोचेल तिथे खडूने खूण करायची, असा व्यायाम दिला. सीटीच्या दिवशी छातीवर सुईने तीन बारीक ठिपके टोचले, रोज नेमक्या त्याच जागी शेक बसावा म्हणून. मनगटावरच्या गोंदणाशेजारी बोट ठेवून अक्का म्हणाल्या, "हे आईने काढलं, ते तुम्ही." डावी बाजू म्हणून हृदय लांब राहावं यासाठी श्वास रोखून धरायची सवयही करून घेतली.

सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, 15 शेक. एकेक शेक दहा-पंधरा मिनिटांत आटोपायचा, त्यात प्रत्यक्ष किरण दोन-चार मिनिटंच. दुखत नाही. डोक्याचे केसही जात नाहीत. मात्र शेकाने कातडी काळवंडली, त्यात एप्रिलचं आमचं ऊन, काखेत चुरचुर झाली. सैल सुती झंपर आणि डॉक्टरांनी दिलेलंच मलम, हळद-तेल काही नाही. दहाव्या शेकानंतर थकवा आला आणि दिवसाच्या हजार विड्या सहाशेवर आल्या. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला, पण बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही.

बाराव्या दिवशी अक्का माझ्या दारात थांबल्या. मला वाटलं, आता कंटाळल्या.

"शेवटचा शेक शुक्रवारीच ना ओ? शनिवारी कारखान्यात माल द्यायचाय."