एमडीएम सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना डेटाबेसचा बॅकअप पुरेसा असतो का?

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरचा, शेकडो फोन सांभाळणारा एमडीएम (संस्थेचे मोबाइल दुरून व्यवस्थापित करणारा) सर्व्हर आहे त्याच यंत्रावर अपग्रेड करावा की नव्या यंत्रावर हलवावा, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: नवे यंत्र घ्या, पण सर्व्हरचे डीएनएस नाव, म्हणजे फोन ज्या नावाने त्याला नेटवर्कवर शोधतात ते, जुनेच ठेवा. त्या आवृत्तीचा एक्स्टेंडेड सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही. आयफोनच्या एनरोलमेंट प्रोफाइलमध्ये (फोन एमडीएममध्ये नोंदवताना त्यावर बसवलेल्या सेटिंग्जमध्ये) सर्व्हरचा पत्ता नोंदवलेला असतो आणि फोन पुन्हा एनरोल केल्याशिवाय तो बदलता येत नाही.

मात्र प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की डेटाबेसचा बॅकअप घेतलेला असल्यामुळे मुख्य काम झालेलेच आहे. हेच वाक्य मी काही वर्षांपूर्वी एका बैठकीत ऐकले होते आणि तेव्हा मी पुरेसा ठामपणे विरोध केला नाही, याची खंत मला आजही आहे.

स्थलांतराच्या आदल्या दिवशी मी जुन्या सर्व्हरवरून ॲपलचे पुश सर्टिफिकेट, म्हणजे ज्याच्या आधारे सर्व्हर ॲपलमार्फत आयफोनला जागे करतो ते, एक्स्पोर्ट करायला बसलो, तेव्हा विझार्डमधला ‘प्रायव्हेट कीसह एक्स्पोर्ट करा’ हा पर्याय करड्या रंगात, निष्क्रिय दिसत होता. ज्याने ते सर्टिफिकेट बसवले होते, त्याने प्रायव्हेट की, म्हणजे जिच्याशिवाय सर्व्हरला सर्टिफिकेट वापरता येत नाही ती गुप्त किल्ली, एक्स्पोर्ट करण्याची मुभाच ठेवली नव्हती. मी म्हटले, की मग संपूर्ण डिस्कची इमेज घेऊन ठेवू. माझ्या वरिष्ठांनी सांगितले, की प्रायव्हेट की वगळून पुढे जा, सर्टिफिकेट तर मिळतेच आहे. मी पीएफएक्सऐवजी (त्यात प्रायव्हेट की असते) सीईआर फाइल घेतली (तिच्यात ती नसते). जुने यंत्र भाडेपट्टीचे होते. ते परत करायचे म्हणून लगेचच त्याच्या डिस्क पुसल्या गेल्या.

नव्या सर्व्हरवर डेटाबेस व्यवस्थित उघडला, कन्सोलमध्ये सगळे फोन दिसले आणि अँड्रॉइड फोन त्याच रात्री संपर्कातही आले. सुमारे साडेतीनशे आयफोनच्या नावापुढील ‘शेवटचा संपर्क’ या रकान्यात मात्र शनिवार रात्रीचीच वेळ गोठून राहिली. फोनला जागे करण्यासाठी सर्व्हरला ॲपलच्या पुश सेवेकडे २१९७ किंवा ४४३ या पोर्टवरून जावे लागते, म्हणून आमचा पहिला दिवस फायरवॉल तपासण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मी सर्टिफिकेट उघडून पाहिले. त्याची मुदत पाच महिने शिल्लक होती, पण ‘या सर्टिफिकेटशी जुळणारी प्रायव्हेट की तुमच्याकडे आहे’ ही खालची ओळ तिथे नव्हती.

तरीही मार्ग होता. त्याच ॲपल आयडीने लॉगिन करून, नवी सीएसआर (नव्या कीसाठी सर्टिफिकेटची मागणी करणारी फाइल) देऊन सर्टिफिकेटचे नूतनीकरण केले, तर त्याचा टॉपिक (सर्टिफिकेटमधली, फोनवरच्या प्रोफाइलशी जुळावी लागणारी ओळख) तोच राहतो आणि फोनला काहीच जाणवत नाही. आमचा ॲपल आयडी मात्र नोकरी सोडून गेलेल्या एका कंत्राटी सहकाऱ्याच्या खाजगी ई-मेलवर काढलेला होता आणि ते खाते आम्हाला उघडता आले नाही. वेगळ्या आयडीने घेतलेल्या सर्टिफिकेटचा टॉपिक वेगळा, आणि टॉपिक वेगळा म्हणजे प्रत्येक फोन पुन्हा एनरोल करणे आले. पाच आठवडे आम्ही एकेक फोन हातात घेऊन जुने प्रोफाइल काढत होतो. प्रोफाइलबरोबर कार्यालयाचे मेल खाते आणि ॲपही निघून जात, आणि समोरचा माणूस विचारी, ‘माझी चूक काय?’

नंतरच्या अहवालात ‘नव्या ऑपरेटिंग सिस्टिमशी सॉफ्टवेअरची विसंगती’ असे कारण नोंदवले गेले. ते चूक आहे आणि मी ते मान्य केलेले नाही. सॉफ्टवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही नीट चालत होते; गेली होती ती की, आणि ती जाणार हे आदल्या दिवशी पडद्यावर दिसत होते.

म्हणून सर्व्हर हलवण्यापूर्वी पुश सर्टिफिकेटचा ॲपल आयडी कोणाच्या नावावर आहे ते आजच शोधा, त्या आयडीने प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा आणि तो कोणा एका व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या सामायिक ई-मेलवर असल्याची खात्री करा. वेब सर्टिफिकेट आणि फोनना ओळखपत्र देणारी अंतर्गत सीए (सर्टिफिकेट जारी करणारी यंत्रणा) यांच्या प्रायव्हेट कीही सोबत न्या. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) दोन-तीन दिवस आधीच पाच मिनिटांवर आणा.

एक गोष्ट नमूद करायला हवी: तुमच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन असतील, तर पुश सर्टिफिकेटचा हा भाग तुम्हाला लागू नाही. आयफोन असतील, तर जुने यंत्र नेटवर्कपासून तोडा, पण डिस्क पुसू नका. हे सर्टिफिकेट दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नव्या सर्व्हरवरून असे एक नूतनीकरण यशस्वी होईपर्यंत जुने यंत्र किंवा त्याची पूर्ण इमेज कुलपात ठेवा, मग त्यासाठी भाडेपट्टीची मुदत वाढवावी लागली तरी चालेल.