जुन्या बुलेटचं सील (तेल अडवणारी रबरी रिंग) बदललं, तरी गिअरबॉक्समधून तेल गळतंय. काय करू?

आधी चेनकडचा लाल चिखल रॉकेलने धुऊन काढा आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. गोव्याच्या पावसात चेनचं तेल कुठलं नि गिअरचं कुठलं, कळतच नाही. स्प्रॉकेटमागूनच, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागूनच ठिबकत असेल तर स्प्रॉकेट काढा आणि सील ज्यावर घासतं त्या गोल भागावरून नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार, स्प्रॉकेटच बदला. माझ्या गाडीत हेच निघालं, पण त्याआधी फोंड्यात दोन सीलं फुकट गेली! किकच्या शाफ्टपाशी ओलं असेल तर ओ-रिंग (गोल रबरी कडं) बघा, किरकोळ काम. तेल पातळी दाखवणाऱ्या लेव्हलच्या स्क्रूच्या वर भरू नका. ४ गिअरची ती जुनी पेटी मुळात ग्रीसवरची, पातळ तेल तिथे टिकत नाही.