मॅडम, आता माझं लहानपण उकरणार का?

थेरपीला आल्या आल्या ताईंनी हेच विचारलं, आणि वर, आईबद्दल मला काही बोलायचं नाहीये हां. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) त्रास काय तर निघताना गॅस बंद केलाय का, कडी लागलीये का हे दहा-बारा वेळा बघायचं, डोंबिवली स्टेशनवरून रिक्षा करून परत यायचं, लेटमार्क पडून पडून मेमो मिळालेला, आणि हल्ली तर मिस्टरांकडून शेगडीचा फोटो मागवायचा. डॉक्टरांनी ओसीडी (नको ते विचार येत राहायचे आणि त्यापायी तेच तेच करत राहायचं, असा आजार) सांगून गोळ्या सुरू केल्या आणि थेरपीसाठी माझ्याकडे पाठवलं.

थेरपीची ही भीती खूप जणांना असते, की कोचावर झोपवून वर्षानुवर्षं जुनं काढत बसणार. अगदीच खोटी नाहीये ती, मनोविश्लेषणात मनात येईल ते न गाळता बोलायचं असतं, आणि ती पद्धत काढणाऱ्या फ्रॉइडने 1909 मध्ये अशाच विचारांत अडकलेल्या एका तरुणाची केस लिहिलीये. पण त्याच फ्रॉइडने 1918 साली बुडापेस्टच्या भाषणात सांगितलं, की ज्याला रस्त्यावर एकटं जायची भीती वाटते तो घरात बसून नुसतं बोलत राहिला तर बरा होणार नाही, भीती घेऊनच त्याला बाहेर पडायला लावायला हवं. मला हे फार मोलाचं वाटतं.

ताईंबरोबर तेच केलं, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनने (भीतीला सामोरं जायचं, पण परत तपासायचं नाही), ज्याची सुरुवात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयरने 1966 च्या सुमारास लंडनला केली. गॅस एकदाच बघायचा, निघायचं, धडधड किती ते 0 ते 100 मध्ये लिहायचं, परत फिरायचं नाही. सगळ्यात जड गेलं ते मिस्टरांचे फोटो बंद करणं. बिचारे प्रेमापोटीच पाठवायचे, पण प्रत्येक फोटोने घटकाभर बरं वाटून शंका उलट पक्की होत होती. पहिल्या दिवशी लोकलमध्ये चढताना 90, ठाणं येईपर्यंत 60, तेही काहीच न करता. हे त्यांना स्वतःला दिसलं, माझ्या सांगण्याने पटलं नसतं.

आठव्या सेशनला आईचा विषय त्यांनीच काढला. लहानपणी दूध उतू गेलं की "घर जाळशील एक दिवस" ऐकायला मिळायचं. त्या दिवशी मी होमवर्क दिला नाही, फक्त ऐकलं. त्यामुळेच ओसीडी झाला असं मी म्हणणार नाही, आया ओरडतात आणि सगळ्यांना काही तो होत नाही, पण इतकी वर्षं ते कुणाला सांगितलंच नव्हतं त्यांनी.

परवा मेसेज आला, "मॅडम, आज परत बघायला जिना चढले, मग दारातूनच फिरले. 70."