दिवा लागेपर्यंत थांबू नका: ऑइल प्रेशर गेजबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी डिझेल पिकअप रोज पहाटे वाशी मार्केटातून भाजी भरून भांडुपला येते. दोन लाख किलोमीटर झालेत. डॅशबोर्डवर ऑइलचा नुसता लाल दिवा आहे, काटा नाही. गेज बसवायचा आहे. कोणता घ्यावा, ऑइलचं कनेक्शन कुठून काढावं आणि दिव्याचा जुना स्विच काढून टाकावा का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: स्विच काढू नका. दिवा आणि काटा, दोघांची कामं वेगळी आहेत. दिव्याचा स्विच प्रेशर साधारण ०.२ ते ०.५ बारवर (बार हे प्रेशरचं माप) उतरल्यावरच दिवा लावतो. गरम झालेल्या धडधाकट डिझेल इंजिनात २००० आरपीएमला ३ बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रेशर असतं. ते ३ वरून २ वर आलं, २ वरून १ वर आलं, तरी दिवा गप्पच. तो पेटतो तेव्हा क्रँकच्या बेअरिंग शेलवर ऑइलचा थर जवळपास संपलेला असतो. मधली सगळी घसरण दाखवतो तो काटा. पण गाडी चालवताना नजर रस्त्यावर असते, काट्यावर नाही, म्हणून दिवाही हवाच.

(गॅरेजमध्ये ‘किलो’ म्हणतात ते आणि बार हे व्यवहारात एकच धरा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.)

रोजच्या धंद्याच्या गाडीला इलेक्ट्रिक गेज घ्या, ० ते १० बारचा. ५ बारचा नको, सकाळी गार इंजिनात काटा टोकाला जाऊन टेकेल. गेज आणि सेंडर (ऑइलचं प्रेशर ओळखून गेजला कळवणारा भाग) एकाच जातीचे असले पाहिजेत. बाजारात सर्रास मिळणारा सेंडर १० ते १८० ओहमचा असतो: प्रेशर शून्य तर १० ओहम, पूर्ण तर १८० च्या आसपास. दुकानात दोन्ही एकत्र मागा आणि ओहमचा आकडा विचारूनच पैसे द्या.

कनेक्शन काढायची सरळ जागा म्हणजे दिव्याच्या स्विचचं भोक. तिथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवून एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला सेंडर, असं बहुतेक जण करतात. यातच मोठा धोका आहे. सेंडर चांगला डबीएवढा जड असतो. डिझेल इंजिनाच्या थरथरीत तो टीच्या टोकाला लटकत राहतो आणि पितळी टी आट्यांच्या मुळाशी चिरते. बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी टी तुटते आणि प्रेशरखालचं ऑइल काही मिनिटांत इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर रिकामं करतं. म्हणून सेंडर इंजिनावर ठेवूच नका. टी पोलादी घ्या, तिच्यापासून गरम ऑइलला चालणारा, वरून स्टीलची जाळी असलेला टेफ्लॉनचा होज काढा आणि सेंडर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला पट्टीने आवळा. डिझेलच्या लाइनचा साधा रबरी पाइप इथे वापरू नका. होजच्या इंजिनाकडच्या टोकाला सुमारे १ मिलीमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर टाकला तर काटा थरथरत नाही, आणि उद्या होज फुटलाच तर ऑइल सावकाश जातं, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायला वेळ मिळतो.

टर्बोला जाणाऱ्या ऑइलच्या बारीक पाइपवरून कनेक्शन काढू नका. फिल्टरखाली बसणाऱ्या सँडविच प्लेटमधूनही सेंडरची जागा मिळते, पण दोन गोष्टी बघा. तुमचा फिल्टर डब्यासारखा फिरवून बसणारा हवा, झाकणाच्या आत कागदी एलिमेंट असलेला नको. शिवाय प्लेटच्या जाडीइतका फिल्टर खाली उतरतो, तो कशाला घासणार तर नाही ना?

काम गार इंजिनावर करा. बॅटरीची मायनस वायर काढा. स्विचच्या भोवतीची जागा ब्रश आणि डिझेलने धुऊन कापडाने कोरडी पुसा. ही पायरी कंटाळा करून गाळली जाते आणि तिथली माती थेट ऑइलच्या मुख्य गॅलरीत (इंजिनभर ऑइल नेणाऱ्या मार्गात) जाते. ऑइल काढून टाकायची गरज नाही, स्विच सुटल्यावर थोडंच ओघळेल. निमुळत्या आट्यांवर लिक्विड सीलंट लावा. टेफ्लॉन टेपच वापरायची असेल तर टोकाचे पहिले दोन आटे उघडे सोडा. टेपचा तुकडा आत गेला तर पिस्टनला खालून गार करणाऱ्या ऑइल जेटचं भोक बुजवायला तो पुरतो. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक ते दीड फेरा, ॲल्युमिनियमच्या बॉडीत त्याहून जास्त नाही.

गेजचा प्लस इग्निशनवर चालू होणाऱ्या लाइनवरून, २ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. मायनस बॉडीला. वायर ०.७५ किंवा १ चौरस मिलीमीटरची पुरे. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट घाला आणि एक्झॉस्टपासून हातभर लांब ठेवा. मग इंजिन सुरू करून पाच मिनिटं प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर धरून बघा, आणि ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारा.

प्रश्न: नागदेवी स्ट्रीटवरून १/८ ची टी आणली. ऑइल स्विचच्या भोकात दोन-अडीच फेरे छान जाते, मग अडते. मेकॅनिक म्हणतो, पान्याने ओढली की आपोआप आटे पाडेल. ओढू का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर: अजिबात नको. आत्ताच काढा. ‘१/८’ हा अर्धाच पत्ता आहे. एनपीटी (अमेरिकी पाइप आटा) १/८ ला इंचाला २७ आटे आणि आट्यांचा कोन ६० अंश. बीएसपी (ब्रिटिश पाइप आटा) १/८ ला इंचाला २८ आटे आणि कोन ५५ अंश. फरक इतका बारीक की एक दुसऱ्यात दोन फेरे सहज जाते आणि फसवते. त्यातून एनपीटीची टी जाडीला अर्ध्या मिलीमीटरहून थोडी जास्तच भरते. तुमच्याकडे हीच टी असणार, कारण जपानी घराण्याच्या इंजिनांत बीएसपी जातीचा निमुळता आटा नेहमी सापडतो. ओढली तर दोनपैकी एक होईल: आटे जातील, किंवा फिल्टरची ॲल्युमिनियम हाउसिंग चिरेल. पन्नास-शंभरच्या टीपायी हाउसिंग बदलावी लागेल.

जुना स्विच खिशात घालून दुकानात जा. पिच गेजची (आट्यांमधलं अंतर ओळखायच्या साधनाची) पाती आट्यांवर धरून उजेडासमोर बघा: फट दिसली नाही तीच पाती खरी. व्हर्नियरने बाहेरची जाडीही मोजा; एनपीटी सुमारे १०.३ मिलीमीटर, बीएसपी सुमारे ९.७. युरोपीय घराण्याच्या इंजिनांत एम-१० बाय १ (१० मिलीमीटर जाडी, आट्यांत १ मिलीमीटर अंतर), एम-१२ बाय १.५, एम-१४ बाय १.५ हेही आटे येतात. सरळ आटा असेल आणि स्विचखाली तांब्याचा वायसर असेल तर सील वायसर करतो, टेप नाही. तिथे नवा वायसर टाका आणि टेपला हात लावू नका.

प्रश्न: नवा इलेक्ट्रिक गेज बसवला. चावी फिरवली की इंजिन बंद असतानाच काटा पूर्ण टोकाला जातो. इंजिन सुरू केलं की खाली येतो, ॲक्सिलरेटर दिला की आणखी खाली. दुकानदार म्हणतो गेज खराब.
– एक वाचक, कल्याण

उत्तर: गेज बहुधा चांगला आहे, सेंडर दुसऱ्या घराण्याचा आला आहे. अमेरिकी पद्धतीचा सेंडर शून्य प्रेशरला २४० ओहम आणि पूर्ण प्रेशरला ३३ ओहम दाखवतो, म्हणजे बरोबर उलटा. तुमचा गेज १० ते १८० चा, म्हणून काटा उलटा चालतो. सेंडरची वायर काढा, इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर सेंडरच्या टोकाला आणि बॉडीला लावा. २४० च्या आसपास आलं तर सेंडर बदलून घ्या. १० च्या आसपास आलं तर सेंडर ठीक आहे आणि मधली वायर कुठेतरी तुटली आहे. पण मग काटा इंजिन सुरू झाल्यावरही टोकालाच राहिला असता.

याच निमित्ताने एक गोष्ट सगळ्याच वाचकांना सांगायची आहे. १० ते १८० च्या गेजमध्ये वायरीत वाढलेला रेझिस्टन्स म्हणजे काट्याला वाढलेलं प्रेशर. १० बारच्या सेंडरला खालच्या भागात दर बारला साधारण २० ओहम पडतात. अर्थिंगच्या नटाखाली गंज धरून नुसता १० ओहम वाढला तरी काटा अर्धा बार जास्त दाखवतो. खरं प्रेशर अर्धा बार, काट्यावर एक. आणि तुम्ही निश्चिंत. ससून डॉकला मासळी भरणाऱ्या गाड्यांचं खारं पाणी आणि आपला चार महिन्यांचा पाऊस हेच काम करतात. होजच्या टोकाला बसवलेल्या सेंडरला वेगळी अर्थिंग वायर हवीच. तिची क्लिप सेंडरच्या अंगावर आवळा, बॉडीकडची जागा रंग खरवडून चकचकीत करा आणि वर ग्रीस लावा. दर पावसाळ्याआधी हा एक जोड सोडून साफ करा.

प्रश्न: सायनच्या सिग्नलला गाडी वीस मिनिटं अडकली की गरम इंजिनात काटा ०.८ बारवर येतो. चालताना ३ च्या वर असतो. मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५० (जाड) ऑइल टाका, काटा वर येईल.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर: काटा वर येईल, हे खरं. आजार मात्र तिथेच राहील आणि तुम्हाला दिसायचा बंद होईल. जाड ऑइल पहाटे टर्बोपर्यंत आणि हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. तुमची गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) असेल आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर ऑइलचा ग्रेड स्वतःच्या मनाने बदलणं आणखी महागात पडेल; तिथे कमी राखेचंच ऑइल लागतं.

०.८ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. जुन्या इंजिनाला आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) तो चालूनही जाईल. हाच आकडा सहा महिन्यांपूर्वी १.५ होता का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून गेज बसवल्या दिवसापासून वही ठेवा. पाणी गरम झालं की ऑइल गरम झालं असं होत नाही. अर्धा तास गाडी चालवा, मग आयडलचा आणि २००० आरपीएमचा आकडा लिहा. शेजारी किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि ऑइल किती जुनं हे लिहा. महिन्यातून एकदा, एवढंच.

आता तुमच्या गाडीचं. आधी मेकॅनिकल टेस्ट गेज (ज्यात ऑइल नळीने थेट गेजपर्यंत येतं) लावून आकडा पडताळून घ्या; वर लिहिलेल्या अर्थिंगमुळे खरं प्रेशर ०.८ हून कमी असू शकतं. आकडा खरा निघाला तर डिपस्टिक काढा. लेव्हल वाढलेली दिसली, वासाला डिझेल आलं, तर इंजेक्टरमधून किंवा अर्धवट राहिलेल्या डीपीएफ रिजनरेशनमुळे (साठलेली काजळी जाळून टाकण्यामुळे) डिझेल ऑइलमध्ये उतरतं आहे. मुंबईत थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. कारण शोधा, ऑइल आणि फिल्टर बदला, पुन्हा आकडा घ्या. ऑइल चांगलं असूनही आयडलला कमी आणि चालताना ठीक असेल तर संशय बेअरिंगच्या झिजेवर किंवा पंपाच्या झिजेवर जातो. आयडललाही कमी आणि चालतानाही कमी, तर चेंबर उतरवून आधी पंपाची जाळी बघा. तिथे काळा चिखल बसलेला असतो. मग रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) अडकला आहे का ते बघा. बेअरिंगला हात त्यानंतर.

प्रश्न: मेकॅनिकल गेज स्वस्त आणि अचूक असतो म्हणतात. तोच केबिनमध्ये कायमचा बसवला तर?
– एक वाचक, मालाड

उत्तर: अचूक असतो, कारण ऑइल स्वतः गेजपर्यंत येतं. हेच त्याचं संकट. नायलॉनची नळी एक्झॉस्टजवळ मऊ पडते, तांब्याची नळी थरथरीने कडक होऊन चिरते, आणि गरम ऑइल ड्रायव्हरच्या पायावर येतं. तपासणीपुरता, बॉनेट उघडून वापरा. केबिनमध्ये नको.

प्रश्न: भरलेली गाडी कसारा घाट चढताना वळणावर काटा क्षणभर १ च्या खाली जातो आणि परत वर येतो. दिवा लागत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: गाडी सपाटीवर थांबवा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. लेव्हल खालच्या खुणेजवळ असणार. ऑइल कमी झालं म्हणून प्रेशर हळूहळू उतरत नाही. सपाटीवर पंपाच्या जाळीवर ऑइल आहे तोवर काटा अगदी नेहमीसारखा असतो. चढावर आणि वळणावर ऑइल चेंबरच्या एका कोपऱ्यात जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. वरच्या खुणेपर्यंत त्याच ग्रेडचं ऑइल भरा, खुणेच्या वर नाही. लेव्हल पूर्ण असूनही काटा पडत असेल तर पंपाच्या सक्शन पाइपचा जोड हवा घेतो आहे. चेंबर उतरवून त्याचं गॅस्केट किंवा ओ-रिंग बदलेपर्यंत गाडी भरून घाटात नेऊ नका.